वृक्षांचें वर्ष

वृक्ष लावणाराचें नांव इतिहास राखतो. वृक्ष जगविणाराचें राखीत नाहीं. सम्राट् अशोकानें रस्त्यांच्या कडेनें वड लावविले आणि आंबराया उठविल्या, ही गोष्ट त्याच्या स्तंभलेखामुळें शाळेंतल्या मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्या वडांच्या रोपांस पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी कोणीं घातलें, त्यांच्या खोडांवरचे फुटवे कोणीं खुडले, वाऱ्यानें मोडलेली फांदी कोणीं आणि कोणत्या महिन्यांत उतरविली, यांपैकीं एकही गोष्ट कोठें कोरलेली नाहीं. आणि हें काम झालें नसतें तर सम्राटाच्या आज्ञेचें फळ एका पावसाळ्यापुरतेंच उरलें असतें.

या दुसऱ्या, अबोल कामाचा इतिहास प्रस्तुत लेखांत आम्ही थोडक्यांत पाहणार आहों. झाडावर शस्त्र केव्हां चालवावें, किती चालवावें आणि उरलेलें वर्षभर त्याची जोपासना कशी करावी, या प्रश्नांचा विचार आपल्या देशांत फार जुन्या काळापासून झालेला आहे. त्या विचाराचे तीन धागे स्पष्ट दिसतात: एक दंडशास्त्राचा, दुसरा वृक्षवैद्यकाचा आणि तिसरा शेतकऱ्याच्या पंचांगाचा. हे धागे आज कोठें तुटले आहेत आणि कोठें टिकून आहेत, हें पाहण्यासाठीं आम्ही बीड जिल्हा डोळ्यांपुढें ठेविला आहे. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, मध्यें बालाघाटाचे डोंगर पसरले आहेत, पाटोदा तालुक्यांत मांजरा नदी उगम पावते; आणि इतकें असूनही पर्जन्यछायेचा हा प्रदेश पाण्याला नेहमींच पारखा राहिला आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्र राज्यांत आला. राज्यें बदललीं तरी डोंगरांचें उघडेपण बदललें नाहीं. तेथें आज जंगल म्हणावें असें फारच थोडें आहे. जेथें एक झाड मोठें करण्यास माणसाचीं दहा वर्षें जातात, तेथें कुऱ्हाडीचा एक अवेळीं घाव किती महाग पडतो, हें वेगळें सांगावयास नको.

प्रथम दंडशास्त्राचा धागा घेऊं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तिसऱ्या अधिकरणांत दंडपारुष्याचें, म्हणजे मारहाणीचें प्रकरण आहे. एकानें दुसऱ्याच्या अंगास हात लावला, त्यास मारलें, त्याचें रक्त काढलें, तर दंड किती, हें त्यांत सांगितलें आहे. आणि त्याच प्रकरणाच्या अखेरीस झाडांची गोष्ट येते. नगराच्या उपवनांतील फुलें, फळें किंवा सावली देणाऱ्या झाडाचा कोवळा अंकुर तोडल्यास सहा पण, लहान फांदी तोडल्यास बारा पण, जाड फांदी तोडल्यास चोवीस पण, खोड तोडल्यास पूर्वसाहसदंड आणि झाड मुळासकट नाहींसें केल्यास मध्यमसाहसदंड, अशी ती चढती श्रेणी आहे. झाड सीमेवरचें, चैत्याजवळचें किंवा राजवनांतलें असेल तर दंड दुप्पट. याज्ञवल्क्यस्मृतींतही हाच विषय दंडपारुष्याच्याच प्रकरणांत आहे. तेथें फांदीस वीस, खोडास चाळीस आणि सर्व झाडास ऐंशी पण असा हिशेब आहे. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीका, जिचें नांव वारसाहक्काच्या वादांत आमच्या पुष्कळ वाचकांनीं ऐकलें असेल, ती विज्ञानेश्वरानें चालुक्यांच्या कल्याणी येथें, आजच्या बसवकल्याणांत लिहिली. म्हणजे हा विचार दूरच्या मगधांतच राहिला नव्हता. तो आमच्या दख्खनच्या पठारावर अभ्यासिला जात होता.

या दंडमालेंत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. झाडास झालेली इजा येथें जिवंत शरीरास झालेल्या इजेच्या पंक्तींत बसविली आहे; ती केवळ मालमत्तेची नुकसानी ठरत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, सर्व घाव सारखे मानलेले नाहींत. कोवळा फुटवा, बारीक फांदी, जाड फांदी आणि खोड यांतील भेद ज्यानें दंडांत उतरविला, त्यानें झाडाकडे नीट पाहिलें होतें. जितकी फांदी जाड तितकी जखम मोठी, आणि जखम मोठी तितकी ती झांकली जाण्यास वर्षें अधिक, हा माळ्याचा अनुभव त्या आंकड्यांमागें उभा आहे असें आम्हांस वाटतें.

आतां वृक्षवैद्यकाकडे वळूं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत लिहिलेल्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक लहानसा अध्याय आहे. त्यांत झाडाचें सारें वर्ष आलें आहे. ज्यास अजून फांद्या फुटल्या नाहींत असें रोप शिशिरांत हलवावें, फांद्या फुटलेलें हेमंतांत, आणि चांगलें खोड धरलेलें झाड वर्षाऋतूच्या आरंभीं. उन्हाळ्यांत लावलेल्या झाडास सकाळीं व सायंकाळीं पाणी द्यावें, थंडींत एक दिवसाआड द्यावें, पावसाळ्यांत जमीन सुकली तरच द्यावें. दोन झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात कनिष्ठ. कारण एकमेकांस खेटून वाढलेल्या व मुळें गुंतलेल्या झाडांस नीट फळ येत नाहीं. पुढें झाडाच्या रोगांचीं लक्षणें येतात: पानें पिवळीं पडणें, पालवी न वाढणें, फांद्या वाळणें, अंगांतून रस गळणें. उपचाराचा क्रम तर आजच्या बागाइतदारासही ओळखीचा वाटेल. आधीं शस्त्रानें सडका भाग काढून जागा स्वच्छ करावी. मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा. आणि दूध मिसळलेलें पाणी घालावें. पुढें सुरपालानें याच विषयावर ‘वृक्षायुर्वेद’ नांवाचा स्वतंत्र ग्रंथ रचला. त्याचें हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होतें. तें मिळवून नलिनी साधले यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९९६ सालीं सिकंदराबादेहून प्रसिद्ध झालें.

मराठी सत्तेच्या काळांत हा विचार राजनीतींत उतरलेला दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा विषय आहे. जहाजें बांधावयाचीं तर मोठें लांकूड हवें, हें अमात्य जाणून होते; पण आंबा, फणस इत्यादि झाडांस हात लावूं नये असें ते बजावतात. त्यांचें कारण साधें आहे: हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांसारखीं बहुत काळ जतन करून वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडलीं तर तिच्या दुःखास पार उरत नाहीं. झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तरच, धन्याची समजूत घालून व त्यास मोल देऊन, तें तोडावें. येथें राज्यकर्ता लावणाऱ्याच्या हक्काबरोबरच जतन करणाऱ्याचा हक्कही मान्य करितो, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. झाडाची किंमत लांकडाच्या घनफुटांवर ठरत नाहीं, तर त्यावर खर्ची पडलेल्या माणसाच्या वर्षांवर ठरते, हें अमात्यांनीं ओळखिलें होतें.

तिसरा धागा कोणत्याही ग्रंथांत बांधलेला नाहीं. तो शेतकऱ्याच्या बोलण्यांत आहे. मोसंबी-संत्र्यांच्या बागेंत ‘बहार धरणें’ हा शब्द सर्वत्र चालतो. मृगाच्या पावसावर जो फुलोरा येतो तो मृग बहार, हस्ताच्या सुमारास येतो तो हस्त बहार, आणि आंब्यास मोहोर येतो त्या दिवसांत येतो तो आंबे बहार. तीन बहार, आणि तिघांचीं नांवें नक्षत्रांवरून वा शेजारच्या झाडावरून. बहार हवा असेल तर आधीं पाणी तोडून झाडास ‘ताण’ द्यावयाचा, पानें कांहींशीं पिवळीं होऊं द्यावयाचीं, आणि मग खत-पाणी देऊन झाड जागें करावयाचें. फळ उतरल्यावर वाळलेल्या काड्या काढतात, त्यास ‘सल काढणें’ म्हणतात. ज्या भाषेनें मनांत रुतून राहिलेल्या दुःखास सल म्हटलें, तिनेंच झाडांत राहिलेल्या वाळक्या काडीसही तेंच नांव द्यावें, यांत किती जाण आहे! द्राक्षाच्या बागेंत एप्रिलची ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरची ती गोडी छाटणी. पहिली काडी तयार करण्यासाठीं, दुसरी घड घेण्यासाठीं.

या साऱ्या चालीरीतींमागें तत्त्व एकच आहे. छाटणीचा काळ माणसाच्या सवडीवर ठरत नाहीं. झाड आपलें फूल कोणत्या फांदीवर आणि केव्हां धरतें, त्यावर तो ठरतो. बोर नव्या फुटीवर फळतें, म्हणून चैत्र-वैशाखांत ती भरपूर छाटली तरी तिचें बिघडत नाहीं, उलट सुधारतें. आंबा मात्र पक्व झालेल्या फांदीच्या टोंकास मोहोर धरतो. त्याची छाटणी फळ उतरल्यावर लगेच, पावसाळ्याच्या तोंडाशीं झाली पाहिजे. तीच कार्तिकांत केली तर पुढच्या वर्षाचा मोहोरच आपण जमिनीवर पाडला असें होतें. पानें गाळणारीं झाडें निजेच्या काळांत पानांतील सत्त्वाचा बराच भाग आपल्या लांकडांत परत घेऊन ठेवितात. नवी पालवी त्या साठ्यावर फुटते. पालवी फुटून तो साठा संपला असतां, आणि नव्या पानांनीं अजून कमाई सुरू केली नसतां, फांद्या तोडणें म्हणजे पेरणी झाल्यावर रिकाम्या पडलेल्या कणगीवर दरोडा घालणें होय. भर पावसांत केलेल्या जखमेंत बुरशी शिरते. भर वैशाखांत सारा डोलारा उतरविला तर आजवर सावलींत असलेली साल उन्हानें भाजते.

घाव कसा घालावा, याविषयीं अर्वाचीन शास्त्रानें जुन्या अनुभवांत मोलाची भर घातली आहे. फ्रान्समधील बोर्दो प्रांतांत द्राक्षें चोरणारांस भिववावें म्हणून रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेली बुरशीच्या रोगांतून वांचल्याचें मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें, आणि १८८५ च्या सुमारास बोर्दो मिश्रण जगापुढें आलें. मोसंबीचा सल काढल्यावर आपला शेतकरी खोडास जी निळसर बोर्दो मलम फांसतो ती याच कुळांतली. अमेरिकेंतील वृक्षतज्ज्ञ अॅलेक्स शायगो यांनीं हजारों झाडें उभीं चिरून पाहिलीं आणि १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रतिपादनांत दाखवून दिलें कीं, माणसाची जखम भरून येते तशी झाडाची येत नाहीं. झाड दुखावलेल्या भागाभोंवतीं आंतून भिंती घालून त्यास कोंडून टाकतें आणि वरून नवें लांकूड वाढवितें. म्हणून फांदी खोडाशीं तासून काढूं नये, आणि तिचें लांब खुंटही ठेवूं नये. फांदीच्या मुळाशीं जो फुगीर कंगोरा असतो तो राखून त्याच्या लगत घाव घालावा. भिंती घालण्याचें सामर्थ्य तेथेंच असतें. जड फांदी प्रथम खालून थोडी कापावी, मग वरून, म्हणजे ती पडतांना खोडाची साल सोलीत नाहीं. लेपानें बुरशीपासून बाहेरून कांहींसा बचाव होत असला तरी चुकीच्या जागीं घातलेला घाव कोणत्याही लेपानें सुधारत नाहीं, हें शायगो यांच्या श्रमाचें सार आहे.

इतकें ज्ञान हाताशीं असतां व्यवहारांत काय होतें? बीडसारख्या जिल्ह्यांत उन्हाळ्याच्या अखेरीस शेळ्यांस पाला हवा म्हणून बाभळी व लिंब ओरबाडले जातात. मेंढपाळास दोष देणें सोपें आहे. पण ज्या महिन्यांत रानांत गवताची काडी नसते त्या महिन्यांत तो दुसरें काय करील? शहरांत विजेच्या तारांखालचीं झाडें पावसाळ्यापूर्वीं एका दिवसांत बोडकीं होतात. वाळलेल्या व धोक्याच्या फांद्या वादळापूर्वीं काढणें योग्यच. पण हिरवा शेंडा कलम करून झाडाचा खांब करणें ही छाटणी नव्हे. धर्माच्या पंचांगानें जीं झाडें राखलीं त्यांचीही आज कोठें कोठें हीच गत आहे. ज्येष्ठी पौर्णिमेस स्त्रिया वडाकडे जात, तेथें आतां शहरांतून वडाची फांदीच घरीं येते. दसऱ्यास आपट्याचीं चार पानें द्यावयाचीं, तेथें फांद्यांचे भारे बाजारांत पडतात. ज्येष्ठांत मोडलेली वडाची जाड फांदी ओल्या जमिनींत रोवली तर ती बहुधा जीव धरते, हें आमच्या गृहिणींनीं मनावर घेतलें तर त्या व्रताची उणीव बरीच भरून निघेल.

सरकारी कारभारांतही लावण्याचा दिवस मोठा आणि राखण्याचें वर्ष लहान झालें आहे. १९५० सालीं कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सव सुरू केला, तो जुलै महिन्यांत. मुहूर्त निसर्गास धरून होता. महाराष्ट्रानें २०१९ च्या पावसाळ्यांत तेहतीस कोटि झाडें लावण्याचा संकल्प केला. आंकडा लावलेल्या रोपांचा असतो. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभ्या असलेल्या झाडांचा आंकडा तितक्या थाटानें कोणी वाचून दाखवीत नाहीं. कायद्याचेंही तसेंच. नागरी क्षेत्रांतील झाडांसाठीं १९७५ सालीं झालेल्या अधिनियमानें तोडणें, जाळणें व कोणत्याही प्रकारें इजा करणें हें सर्व ‘झाड तोडणें’ या एका व्याख्येंत घेतलें. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांच्या व त्याहून जुन्या झाडांस वारसावृक्षाचा मान दिला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याची अट घातली. वयाचा हा हिशेब आज्ञापत्राच्या जवळ जाणारा आहे, आणि त्याचें आम्ही स्वागत करितों. तथापि पन्नास रोपें लावल्यानें पन्नास वर्षांची राखण झाली असें होत नाहीं.

बीड जिल्ह्यांत या प्रश्नास आणखी एक पैलू आहे, आणि तोच आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. पश्चिम महाराष्ट्रांत १९५० च्या सुमारास प्रवरानगरापासून सहकारी साखर कारखान्यांचा काळ सुरू झाला. पुढें, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, बीडच्या डोंगराळ भागांतील कुटुंबेंच्या कुटुंबें दरवर्षीं ऊसतोडीस जाऊं लागलीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास तीं गांव सोडतात. पाडव्याच्या पुढें-मागें परततात. आतां पाहा: आषाढांत लावलेल्या रोपास राखणाऱ्याची खरी गरज कार्तिकापासून लागते. पाऊस संपलेला असतो, मुळें अजून उथळ असतात, चरावयास सुटलेलीं जनावरें मोकळीं असतात. नेमक्या त्याच वेळीं घराला कुलूप असतें. रोप वाळतें, आणि आपण म्हणतों कीं लोकांस झाडांची आस्था नाहीं! आस्था आहे, घरीं माणूस नाहीं.

या कसोटीवर बालाघाटांत जें झाड टिकलें तें सीताफळ. नांव सीतेचें असलें तरी बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचें मूळ अमेरिकेंत मानतात व पोर्तुगीजांच्या काळांत तें इकडे आलें असें सांगतात. कनिंगहॅमनें भारहुतच्या शिल्पांत सीताफळ ओळखिलें होतें, म्हणून त्याविषयीं वादही झाला आहे. तें कोठूनही आलेलें असो, या डोंगरांनीं त्यास आपलें म्हटलें, आणि २०१६ सालीं बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालें. त्याचा पाला शेळी खात नाहीं. तें दिवाळीच्या सुमारास फळ देऊन मोकळें होतें, मग पानें गाळून निजतें आणि कोरडा उन्हाळा पाण्यावांचून काढतें. उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत त्यास नवी फूट येते व त्या फुटीबरोबर कळ्या येतात; म्हणून त्याची हलकी छाटणी त्याच्या आधीं, फाल्गुन-चैत्रांत करावयाची. म्हणजे मजूर गांव सोडतो तेव्हां झाड निजावयास लागतें, आणि तो परततो तेव्हां कात्री घेण्याची वेळ झालेली असते. झाडाचें वर्ष आणि माणसाचें वर्ष येथें जुळलें आहे. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रानें निवडलेला ‘धारूर-६’ हा वाण या जुन्या जुळणीचेंच शास्त्रीय पाऊल होय.

परंतु सारा जिल्हा सीताफळानें झांकून सावलीचा प्रश्न सुटणार नाहीं. वड, पिंपळ, चिंच, आंबा हवेच आहेत. आणि त्यांस पहिलीं तीन वर्षें राखणारा हात हवा आहे. बीडजवळ पालवण येथें सह्याद्री देवराईच्या माळावर २०२० च्या फेब्रुवारींत सयाजी शिंदे, अरविंद जगताप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वृक्षसंमेलन भरविलें, आणि अध्यक्षपद वडाच्या झाडास दिलें. ही कल्पना कोणास गमतीची वाटेल. आम्हांस तिच्यांत कौटिल्याच्या त्या प्रकरणाची आठवण होते, जेथें झाड माणसांच्या पंक्तींत बसलें होतें. फळबागेच्या सरकारी अनुदानाचे पुढील हप्ते आतां जगलेल्या झाडांच्या प्रमाणावर मिळतात, हीही इष्ट दिशा आहे. रोजगार हमींतून गरजू कुटुंबास रस्त्याकडच्या झाडांची राखण सोंपवून तिची मजुरी देण्याची जी पद्धति ‘बिहार पॅटर्न’ या नांवानें महाराष्ट्रांत आली, ती तर आमच्या मतें बीडसाठीं सर्वांत उपयोगी. तिच्यामुळें एखाद्या कुटुंबास कोयता खालीं ठेवून कार्तिकांत आपल्याच गांवीं राहतां येईल, मुलें शाळेंत राहतील, आणि रस्त्यावरचा वडही राहील.

वृक्षारोपणाच्या फलकावर पाहुण्यांचें नांव व तारीख लिहिण्याची रीत आहे. त्याच फलकावर दोन ओळी आणखी लिहाव्या, इतकीच सूचना करून आम्ही हा लेख संपवितों. पाणी देणाऱ्याचें नांव एका ओळींत यावें. आणि दुसऱ्या ओळींत त्या झाडाची छाटणी कोणत्या महिन्यांत करावयाची, तें यावें.